ताईचा गुडघा, फ्रिजमधलं इंजेक्शन आणि एक कागद

राखीच्या दिवशी ताईला राखीची गाठ मारता आली नाही. दोनदा प्रयत्न केला, दोरा बोटांतून निसटला, शेवटी भाचीनं पुढं येऊन बांधली आणि ताई नुसती माझं मनगट धरून बसली. बोटं अशी सुजलेली की अंगठी कापून काढावी लागेल असं वाटत होतं. मागच्या वर्षी याच हातांनी तिनं माझ्यासाठी नारळीभात केला होता, आणि मी तिला विचारत होतो की अगं हे कधीपासून, तर म्हणाली, "औषधं बंद केलीत ना, ऑपरेशनसाठी."

तिथून सगळं सुरू झालं, म्हणून तिथूनच लिहितोय. सांधा बदलायच्या ऑपरेशनआधी कुठली औषधं थांबवायची आणि कुठली नाही, हे तेव्हा आम्हाला कुणी नीट सांगितलं असतं तर तीन महिने वाचले असते.

ताईचं वय ५४, गेली १६ वर्षं तिला आमवात आहे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आम्ही घरात आरए म्हणतो. वयोमानानं गुडघे झिजतात तो प्रकार वेगळा, यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती सांध्यांवर उठते. त्यामुळे औषधं पण त्या प्रतिकारशक्तीला दाबणारी. रविवारी मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम (आठवड्यातून एकदाच, रोज नाही, हे मी येईल त्या प्रत्येकाला सांगतो कारण ही गोळी चुकून रोज घेतल्यानं माणसं दगावलेली आहेत), सोमवारी फॉलिक अ‍ॅसिड, रोज एचसीक्यू म्हणजे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, रोज सकाळी ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे स्टिरॉइड, आणि गेली तीन वर्षं दर १५ दिवसांनी पोटात घ्यायचं अ‍ॅडालिमुमॅबचं इंजेक्शन. ते फ्रिजमध्ये, दाराच्या कप्प्यात नाही तर आतल्या बाजूला, डब्यात ठेवलेलं असतं आणि घरातल्या पोरांना त्या डब्याला हात लावायची बंदी.

उजवा गुडघा मात्र औषधं नीट सुरू व्हायच्या आधीच्या वर्षांत खलास झाला होता. तो बदलायचा ठरला. आरएचे डॉक्टर पुण्यात, ताई राहते इस्लामपूरला, आणि ऑपरेशन तिकडंच जवळच्या एका हॉस्पिटलात. ऑगस्टअखेरची तारीख मिळाली, ताईच्या सासूबाईंचं म्हणणं पितृपक्ष लागायच्या आत उरकून घ्या. ऑपरेशनपूर्व तपासणीला गेल्यावर तिथल्या कुणीतरी औषधांची यादी बघितली आणि सांगितलं की ही सगळी इम्युनिटी कमी करणारी औषधं आहेत, इन्फेक्शन होईल, महिनाभर आधी सगळं बंद. भाऊजींनी सगळं म्हणजे सगळंच बंद केलं, स्टिरॉइडसुद्धा. त्यांचा दोष नाही, ऐकायला ते किती बरोबर वाटतं. औषध प्रतिकारशक्ती दाबतं, जखम होणार, मग औषध थांबवा. मला फोनवर सांगितलं तेव्हा मीसुद्धा "बरं बरं" म्हटलं होतं, पुण्यातल्या डॉक्टरांना विचारलं का एवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही आणि त्याची खंत मला अजून आहे.

पहिल्या चार-पाच दिवसांतच तिला गळाल्यासारखं व्हायला लागलं, उठलं की चक्कर, जेवणावरची वासना गेली. आम्हाला वाटलं ऑपरेशनचं टेन्शन. ते टेन्शन नव्हतं, स्टिरॉइड एकदम तोडल्याचा परिणाम होता. वर्षानुवर्षं बाहेरून गोळी मिळत असली की शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं काम मंदावतं, आणि गोळी एकदम काढली की शरीराकडं काहीच उरत नाही, अशा अवस्थेत भूल दिली असती तर बीपी धाडकन खाली येऊ शकलं असतं. मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आजार उसळला. हात, मनगटं, खांदे, दुसरा गुडघा. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायची. आणि राखीनंतर दोन दिवसांनी तिला इतकं असह्य झालं की जवळच्या डॉक्टरांनी आराम पडावा म्हणून रोज ३० मिलिग्रॅम स्टिरॉइड सुरू केलं. आराम पडला, शुगर मात्र चढली.

मी तिला गाडीत घालून पुण्याला आणलं. आमचे आरएचे डॉक्टर एरवी शांत माणूस, त्यांनी फाइल बघितली आणि थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग ताईला म्हणाले, "अहो, इन्फेक्शन टाळायला म्हणून जे केलंत ना, त्यानंच आता इन्फेक्शनची शक्यता वाढलीय." ऑपरेशन पुढं ढकलायला सांगितलं, त्या दिवशी मला राग आला होता, आज वाटतं त्यांनी ताईचा पाय वाचवला.

त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. गुडघा बदलल्यावर सांध्यात खोलवर इन्फेक्शन व्हायचं प्रमाण एकूणात कमी आहे, शंभरात एक-दोन, पण आरए असलेल्यांत ते जास्त, ढोबळमानानं दीडपट धरा. आता हे जास्त का, तर एकट्या औषधांमुळे नाही. आजार स्वतःच एक कारण, कारण जी प्रतिकारशक्ती जंतूंवर जायला हवी ती सांध्यांवर भांडत बसलेली असते. कातडी पातळ झालेली, हिमोग्लोबिन कमी, चालणं-फिरणं कमी. आणि औषधांमध्ये पण सगळी एका माळेचे मणी नाहीत. सगळ्यात जास्त भीती असते ती स्टिरॉइडच्या मोठ्या डोसची, नेमकं जे आम्ही औषधं बंद करून ओढवून घेतलं होतं. ऑपरेशनच्या वेळी रोजचा डोस २० मिलिग्रॅमच्या खालीच असावा, आणि जितका कमी तितकं बरं.

मेथोट्रेक्सेटचं तर उलटंच निघालं. डॉक्टरांनी मला इंग्लंडमधल्या राइटिंग्टन हॉस्पिटलचा एक अभ्यास सांगितला, तेच हॉस्पिटल जिथं जॉन चार्नली यांनी १९६० च्या दशकात आजच्या पद्धतीचं खुब्याचं ऑपरेशन बसवलं. अभ्यास २००१ साली छापून आला. आरएचे ३८८ पेशंट, हाडांची ठरवून केलेली ऑपरेशनं. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांपैकी काहींनी गोळी चालू ठेवली, काहींनी ऑपरेशनच्या २ आठवडे आधीपासून २ आठवडे नंतरपर्यंत बंद ठेवली, कोण कुठल्या गटात ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं, आणि तिसरा गट मेथोट्रेक्सेट न घेणाऱ्यांचा. वर्षभरात इन्फेक्शन किंवा ऑपरेशनची दुसरी गुंतागुंत झालेले किती, तर चालू ठेवलेल्यांत २ टक्के, बंद केलेल्यांत १५ टक्के, आणि न घेणाऱ्यांत साडेदहा टक्के. मी आकडे दोनदा विचारले. ज्या गोळीला आम्ही घाबरून बंद केलं होतं ती चालू ठेवणारेच जास्त सुखरूप होते. याचा अर्थ मेथोट्रेक्सेट इन्फेक्शनपासून वाचवतं असा घेऊ नका, आणि किडनीचा त्रास असेल तर डॉक्टर वेगळा विचार करतात, पण आरए आटोक्यात असणं हीच जखम भरायची अर्धी तयारी आहे हे माझ्या डोक्यात तेव्हा पक्कं बसलं.

मग इंजेक्शनचं काय, असं भाऊजींनी विचारलं. तर ते थांबवायचं, पण महिनोन्‌महिने नाही. अमेरिकेतल्या ऱ्हुमॅटॉलॉजीवाल्यांच्या आणि खुबा-गुडघ्याच्या सर्जन लोकांच्या संघटनांनी मिळून २०१७ मध्ये एक मार्गदर्शिका काढली आणि २०२२ मध्ये ती सुधारली, आमच्या डॉक्टरांनी त्यावरूनच ताईचा कागद केला. मेथोट्रेक्सेट, एचसीक्यू, सल्फासलाझिन, लेफ्लुनोमाइड या जुन्या गोळ्या चालू ठेवायच्या. बायोलॉजिक, म्हणजे ताईच्या इंजेक्शनसारख्या इंजेक्शनांचा एक फेरा पूर्ण होऊ द्यायचा, पुढचा डोस घ्यायचा नाही आणि तो डोस जेव्हा आला असता त्याच्यानंतर ऑपरेशन धरायचं, म्हणजे शरीरातला असर सगळ्यात कमी असतो तेव्हा. ताईचं इंजेक्शन १५ दिवसांचं, म्हणून तिसऱ्या आठवड्यात. दर आठवड्याचं इटानरसेप्ट असेल तर दुसऱ्या आठवड्यात. सहा महिन्यांनी घेतात ते रिटुक्सिमॅब असेल तर सातव्या महिन्यात. टोफॅसिटिनिबसारख्या रोजच्या नव्या गोळ्या ऑपरेशनआधी ३ दिवस थांबवायच्या, आधी हेच ७ दिवस सांगायचे. हे सगळं खुबा-गुडघा बदलण्याच्या, ठरवून करायच्या ऑपरेशनबद्दल आहे हं, पडून हाड मोडलं तर कुणी पंधरा दिवस थांबत नाही, तेव्हा फक्त कुठलं इंजेक्शन कधी घेतलं ते पहिल्याच डॉक्टरला सांगायचं. आणि माझं वाचून कुणी स्वतःची औषधं ठरवू नका, मी डॉक्टर नाही, तुमचा कागद तुमच्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.

तो कागद हीच या सगळ्यातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू. आमच्याकडं दोन डॉक्टर होते, दोघंही चांगले, पण एकमेकांशी बोललेच नव्हते, मधे भाऊजी आणि त्यांच्या हातातली पिशवी. यावेळी पुण्याच्या डॉक्टरांनी माझ्यासमोर सर्जनना फोन लावला, पाच मिनिटं बोलले, आणि एका पानावर प्रत्येक औषधापुढं शेवटचा डोस कुठल्या तारखेला, चालू की बंद, परत कधी आणि कोण सांगणार, एवढं लिहिलं. ताईनं ते पान उतरवून कालनिर्णयवर तारखांच्या चौकोनात लाल पेननं लिहिलं, जिथं एरवी दुधाचा हिशोब असतो तिथं. शेवटचं इंजेक्शन ३ नोव्हेंबर, पुढचं १७ ला आलं असतं ते घ्यायचं नाही, ऑपरेशन १९ ला. सासूबाईंनी मुहूर्ताचं विचारलं तेव्हा ताई म्हणाली, "आई, यावेळी तारीख इंजेक्शनवरून काढलीय," आणि त्या पण "मग तेच बरं" म्हणाल्या.

मधल्या अडीच महिन्यांत स्टिरॉइड हळूहळू ५ वर आणलं, शुगर खाली आली, आणि बाकीची तयारी. एक किडलेली दाढ होती, तिचं रूट कॅनल आधी करून घेतलं, कारण तोंडातले जंतू रक्तातून नव्या सांध्यावर जाऊन बसू शकतात. लघवी तपासली. टाचांच्या भेगा, त्या ताईला गेली वीस वर्षं आहेत, कुणी त्याकडं औषधाच्या नजरेनं बघितलं नव्हतं, पण भेग म्हणजे उघडी कातडी, सर्जननी त्या भरल्याशिवाय तारीख पक्की करणार नाही असं सांगितलं. साधारण तिघांपैकी एकाच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचे जंतू काही त्रास न देता राहतात आणि ऑपरेशननंतरच्या इन्फेक्शनमध्ये पुष्कळदा तेच सापडतात, म्हणून पाच दिवस नाकात लावायचं मलम आणि क्लोरहेक्सिडिनच्या जंतुनाशक साबणानं आंघोळ. भूलतज्ज्ञांनी मानेचा एक्स-रे पण मागवला, गुडघ्याच्या ऑपरेशनला मान कशाला असं आम्हाला वाटलं, पण जुन्या आरएमध्ये मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात आणि भूल देताना मान वाकवावी लागली तर धोका, म्हणून आधी बघतात.

अजून एक विचारलं डॉक्टरांनी, आणि ते मला फार आवडलं. "बाहेरचं काही घेता का, वाताची पुडी, काढा, जडीबुटीच्या गोळ्या?" ताई गप्प. मग भाची म्हणाली की शेजारच्या काकूंनी आणून दिलेली पांढरी पुडी आई दुखणं जास्त असलं की घेते. अशा पुड्यांमध्ये न सांगता स्टिरॉइड मिसळलेलं असतं हे आपल्याकडं पुष्कळदा आढळलेलं आहे, चुटकीसरशी आराम पडतो तो त्याचाच. म्हणजे डॉक्टर कागदावर ५ धरून चाललेत आणि पोटात किती जातंय देवाला माहीत. रागावले नाहीत ते, फक्त म्हणाले की ताई हे आम्हाला माहीत असायलाच पाहिजे. तुमच्या घरात कुणी घेत असेल तर लाज न बाळगता सांगा, डॉक्टरचं तोंड वाकडं होईल म्हणून लपवू नका.

ऑपरेशन झालं, ते तासा-दीड तासाचं. सकाळी घोटभर पाण्याबरोबर तिची ५ ची गोळी दिलीच, चीर द्यायच्या आधी तासाभरात अँटिबायोटिक दिलं, दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन उभी केली. हात बरे होते म्हणून वॉकर धरता आला, ऑगस्टमध्ये धरता आला नसता हे मला तिथं उभं राहून कळलं. रविवारची मेथोट्रेक्सेट पण दिली, हॉस्पिटलच्या सिस्टर जरा बिचकल्या, मी तो कागद दाखवला.

घरी आल्यावर खरी परीक्षा. आपल्याकडं ऑपरेशन झालं की बघायला येणारे येतात, दिवसाला दहा-दहा माणसं, खाटेवर बसतात, जखम कुठंय म्हणून चादर वर करतात, त्यातल्या एका मावशींना टाक्यांवर हळद लावायची होती. भाऊजींनी दारावर पाटी लावली, पंधरा दिवस भेटायला येऊ नये, फोन करा. गावात लोकांना लागलं ते. लागू दे.

अकराव्या दिवशी, ३० तारखेला रात्री साडेनऊला, भाऊजींचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो. ड्रेसिंगच्या खालच्या टोकाला रुपयाएवढा ओलसर, पिवळट डाग. खाली लिहिलेलं, ताप नाही, फार दुखत पण नाही, मेडिकलवाला म्हणतोय पाच दिवसांचं अँटिबायोटिक देतो.

माझ्या पोटात गोळा आला. कारण पुण्याच्या डॉक्टरांनी मला बजावून सांगितलेली दोन वाक्यं आठवली. एक, तुमच्या ताईच्या बाबतीत ताप नाही म्हणजे इन्फेक्शन नाही असं धरू नका, कारण स्टिरॉइड ताप, लाली, सूज सगळं झाकून टाकतं. (काही औषधं त्याहून जास्त झाकतात, टोसिलिझुमॅब हे आरएचंच औषध घेणाऱ्यांचा सीआरपी, म्हणजे रक्तात सूज किती ते दाखवणारा आकडा, इन्फेक्शन असताना पण वाढेलच असं नाही, मग रिपोर्ट नॉर्मल म्हणून सगळे निवांत बसतात.) दुसरं, जखमेतून काही पाझरलं तर मनानं अँटिबायोटिक घ्यायचं नाही. कारण अर्धवट अँटिबायोटिक पोटात गेलं की जंतू मरत नाहीत, लपतात, आणि मग सांध्यातलं पाणी काढून तपासलं तरी त्यात काही उगवत नाही, कुठला जंतू ते कळत नाही आणि डॉक्टरांचे हात बांधले जातात.

आणि खोलवर गेलं तर काय होतं हे मी वाचलेलं होतं. धातूच्या सांध्यावर जंतू बसले की स्वतःभोवती चिकट थर बनवतात, त्या थरात ना अँटिबायोटिक नीट शिरतं ना रक्तातल्या पेशी. लवकर कळलं, पहिल्या काही आठवड्यांत, तर सांधा उघडून धुऊन, मधला प्लास्टिकचा तुकडा बदलून, आठवडेच्या आठवडे औषध देऊन बसवलेला सांधा वाचवता येतो. उशीर झाला तर तो सगळा काढायचा, त्याच्या जागी अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा, पुढचे काही आठवडे ते महिने तसंच, आणि मग पुन्हा नवीन सांधा. दोन मोठी ऑपरेशनं, आणि त्या सगळ्या काळात आरएची इंजेक्शनं बंद. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी भाऊजींना म्हटलं, काही देऊ नका, सकाळपर्यंत थांबू नका, सर्जनना आत्ता फोटो पाठवा. सर्जननी रात्री दहाला उचललं, सकाळी आठला या म्हणाले, औषध काही नको, रिकाम्या पोटी आणा. हे रिकाम्या पोटीचं ऐकून ताई रडली, कारण तिला कळलं की गरज पडली तर लगेच उघडतील.

सकाळी त्यांनी पट्टी काढली, कडेनं दाबून बघितलं, गुडघा वाकवून बघितला. जखम शिवायला मारलेल्या पिनांपैकी खालच्या दोन पिनांच्या मधे कातडीची कड सुटली होती, तिथून पाझर. गुडघ्यात आत पाणी वाटत नव्हतं. सीआरपी केला, तो ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवसापेक्षा बराच खाली आलेला. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस तो चढतोच आणि मग उतरत जातो, उतरायच्या ऐवजी परत वर गेला तर धोका, त्यामुळे एकटा आकडा बघायचा नसतो, आधीचा शेजारी ठेवून बघायचा. सर्जन म्हणाले दोन दिवस व्यायाम बंद, घट्ट पट्टी, आणि ४८ तासांत कोरडं झालं नाही तर मी उघडून धुणार, वाट बघणार नाही. मला ते आवडलं, आशा पण दाखवली आणि मुदत पण घातली. दोन दिवस ताई हॉस्पिटलातच होती, भाऊजी दर चार तासांनी पट्टीचा फोटो टाकायचे, पेननं डागाभोवती गोल काढलेला, आणि तो गोल ओलांडून काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी पट्टी कोरडी.

पिना चौदाव्या दिवशी निघायच्या त्या अठराव्या दिवशी निघाल्या. इंजेक्शन पण लगेच नाही. सगळं नीट असतं तर दोन आठवड्यांनी सुरू करतात, पिना निघालेल्या, सूज-लाली नाही, पाझर नाही, अशी जखम बघूनच. ताईचं लांबवलं. मधे डाव्या मनगटानं कुरकुर सुरू केली, तिला भीती वाटायला लागली की परत ऑगस्ट होतोय, पण मेथोट्रेक्सेट चालू होती त्यामुळे कुरकुरीच्या पुढं गेलं नाही. दोन्ही डॉक्टरांनी परत एकदा एकमेकांना फोन केला, जखमेचा फोटो पुण्याला गेला, आणि १८ डिसेंबर ठरली.

त्या दिवशी मी इस्लामपूरला गेलो होतो. ताईनं इंजेक्शन अर्धा तास आधी फ्रिजमधून काढून ओट्यावर ठेवलं, गार टोचलं की जास्त झोंबतं म्हणून, आणि तोवर कालनिर्णयच्या चौकोनात बरोबरची खूण केली. मग पुढचं पान उलटून १ जानेवारीला लाल पेननं एक टिंब दिलं. वॉकर भिंतीला टेकवून ठेवलेला, काठी घेऊन ती ओट्यापासून खुर्चीपर्यंत आली आणि बसता बसता मला विचारलं, डाव्या गुडघ्याचं पुढच्या वर्षी करायचं म्हणतायत, तर तो कागद तू कुठं ठेवलायस?